गडद कपाटे आणि उन्हाचा मुलूख : बीड जिल्ह्यातील स्वयंपाकघराच्या संदर्भात

मराठीतील ‘कपाट’ या शब्दाचा अर्थप्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी, दार. उत्तर भारतात हा अर्थ आजही जिवंत असून बद्रीनाथाचे ‘कपाट’ उघडले असे म्हटले की मंदिराचे दार उघडले असेच समजले जाते. मराठीने मात्र हा शब्द दारावरून दारामागील पोकळीकडे नेला. जे झाकते त्याचे नाव झाकलेल्या जागेला मिळाले. स्वयंपाकघरातील कपाटांच्या रंगाचा विचार करताना या व्युत्पत्तीचे स्मरण उपयोगी पडते. रंगाचा प्रश्न पोकळीचा नसून फळीचा, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने ‘कपाटा’चाच आहे. खोलीत आलेला प्रकाश ज्या उभ्या फळीवर पडतो ती फळी त्या प्रकाशाचे काय करते, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

हा प्रश्न आज उपस्थित होण्याचे कारण उघड आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या गावांत अलीकडे बांधलेल्या घरांतून ओट्याच्या खाली व वर कपाटांची सलग रांग दिसू लागली आहे आणि तिच्यासाठी चॉकलेटी, शिसवी, कॉफी, करडा, क्वचित निखळ काळा असे गडद रंग निवडले जातात. निवडीच्या वेळी दोन परस्परविरुद्ध युक्तिवाद ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, मुलूख उन्हाचा आहे, उजेडाला तोटा नाही, तेव्हा फळी गडद असली तरी बिघडत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, गडद रंग ऊन शोषून घेतो, त्याने स्वयंपाकघर तापेल, म्हणून तो टाळावा. दोन्ही पक्ष एकाच गृहीतावर उभे आहेत : बाहेर जसे ऊन आहे तसे ते आतही आहे. हे गृहीत बीडच्या घराला लागू पडत नाही. किंबहुना घर ऊन आत येऊ न देण्यासाठीच बांधलेले असते.

याची साक्ष जुन्या घरात मिळते. मराठवाड्यातील माळवदाचे घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांवर मातीचा जाड लेप. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळीस अंशांच्या वर जात असता आत गारवा राही तो या मातीच्या जाडीमुळे. तथापि या गारव्याची किंमत काळोखाने चुकवावी लागे. भिंतींना खिडक्या थोड्या आणि लहान. स्वयंपाकघर तर बहुधा घराच्या पोटात. तेथे उजेड यायचा तो माळवदाला ठेवलेल्या भोकातून. या भोकाला ‘साणे’, बोलीत ‘सानं’, म्हणतात. त्याच वाटेने धूर बाहेर जाई आणि पाऊस आला की ते झाकावे लागे. म्हणजे धूर, पाऊस आणि प्रकाश या तिघांची सोय एकाच छिद्रावर अवलंबून होती आणि तिघांच्या गरजा एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या.

असे असूनही या काळोखात काम चालत असे. याचे कारण असे की डोळ्याला ताण देणारी कामे स्वयंपाकघरात होतच नसत. धान्य निवडणे, पाखडणे, भाजी मोडणे किंवा चिरणे ही कामे ओसरीवर, अंगणात, फार तर उंबऱ्याजवळ होत. चुलीपुढे उरे ते शिजवणे आणि भाकरी थापणे. आणि ही कामे हाताच्या सरावावर, जाळाच्या उजेडात होऊ शकतात. घराच्या रचनेतच कामांची अशी वाटणी होती. नव्या सदनिकेला किंवा गुंठाभर जागेतील घराला ओसरी नाही, अंगणही बहुधा नाही. निवडण्याचे, चिरण्याचे, मोजण्याचे सर्व काम ओट्यापाशी आले आहे. जुन्या स्वयंपाकघराला परवडणारा काळोख नव्याला परवडत नाही याचे खरे कारण येथे आहे.

‘ओटा’ हा शब्दही याच स्थलांतराची खूण बाळगून आहे. पूर्वी ओटा म्हणजे घराच्या दारापुढील बांधीव उंच जागा. बसण्याउठण्याची, गप्पांची, उजेडाची. आज शहरी मराठीत ‘ओटा’ म्हटले की प्रथम स्वयंपाकाचा ओटा आठवतो. दारापुढचा शब्द घराच्या आतल्या खोलीत गेला. उजेड मात्र त्याच्याबरोबर आत गेला नाही.

जुन्या स्वयंपाकघरातील साठवणीचे शब्द पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोनाडा, देवळी, मांडणी, खुंटी, शिंके, उतरंड या साऱ्या उघड्या जागा आहेत. संस्कृत ‘शिक्य’ पासून आलेले शिंके तर अधांतरी लोंबणारे. दार असलेली जागा म्हणजे भिंतीत बसवलेले फडताळ; आणि निजामी अमलाच्या काळातील उर्दूच्या सान्निध्यामुळे मराठवाड्यात रुळलेली ‘अलमारी’, जिचे मूळ पोर्तुगीज ‘आर्मारियो’ या शब्दात आहे. बाकीचा संसार डोळ्यांपुढे असे. मांडणीवर ओळीने लावलेली, चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत केलेली पितळी भांडी आणि दसरा-दिवाळीला पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने उजळलेल्या भिंती, हे दोन पृष्ठभाग साण्यातून आलेला थोडका प्रकाश खोलीत परत फेकत. घासण्याच्या श्रमामागे हा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु परिणाम तो होता. नव्या स्वयंपाकघरात भांडी फळ्यांच्या मागे गेली आणि भिंतीचा मोठा भाग या फळ्यांनी व्यापला. पितळ आणि चुना यांच्या जागी आता काय आले, एवढ्यावरच खोलीतील उजेड ठरतो.

येथे रंगवाचक शब्दांचाही विचार करणे प्राप्त आहे. जुन्या स्वयंपाकघराचा काळा रंग कोणी निवडलेला नव्हता. तो धुराने बसवलेला होता. काजळी, जळमट, धुरकटलेले आढे, बुडाशी काळे पडलेले भांडे हे सारे शब्द घासण्याच्या, झाडण्याच्या, सारवण्याच्या कामाशी जोडलेले आहेत. ज्या पिढीने चुलीपुढे आयुष्य काढले तिच्या लेखी स्वयंपाकघरातील काळेपणा म्हणजे न संपणारे काम. म्हणून घरातील वडीलधारी बाई ‘काळं कशाला?’ असे विचारते तेव्हा तिच्या प्रश्नात शुभाशुभाची कल्पना जितकी असते, तितकीच या कामाची आठवणही असते. सूनबाई आणि सुतार यांच्या बोलण्यात मात्र ‘काळा’ हा शब्द सहसा येत नाही. तेथे ‘डार्क’ असतो. ‘डार्कमध्ये दाखवा’ या वाक्यात काजळीही नाही आणि अशुभही नाही. परभाषेतून आलेल्या शब्दाला स्थानिक आठवणी चिकटलेल्या नसतात, ही त्याची सोय. मराठीत ‘गडद’ हा शब्द उपलब्ध असता तो मागे पडण्याचे कारणही असेच असावे : ‘गडद अंधार’ हा प्रयोग त्याच्या फार जवळ आहे.

गडद रंग आवडीचा विषय होऊ शकला याचे श्रेय गॅसच्या शेगडीला द्यावे लागेल. चूल घरात असेपर्यंत काळ्या रंगाची निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. शहरांतून गॅस आधी आला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गावोगावच्या गरीब घरांपर्यंत नेला. अर्थात चूल संपलेली नाही. सिलिंडरचा खर्च वाचवण्यासाठी, पाणी तापवण्यासाठी किंवा भाकरीच्या चवीसाठी परसात चूल ठेवणारी घरे जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ज्या घरात धूर अद्याप आत येतो तेथे गडद फळी काजळी लपवील आणि ती वेळच्या वेळी पुसली जाणार नाही. अशा घरात फिकट रंगच योग्य होय, मग तो लवकर मळला तरी चालेल.

आता उन्हाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. बीड सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो आणि मग पुन्हा दक्षिणेकडे सरकतो. जूनच्या अखेरच्या आठवड्यातही माध्यान्हीच्या वेळी तो क्षितिजापासून सुमारे ८५ अंश उंच असतो. इतक्या उंच सूर्याचे किरण उभ्या भिंतीतील खिडकीतून आत फारसे शिरत नाहीत. लहानशी पडवी किंवा खिडकीवरचा छज्जा त्यांना अडवतो. वर्षातील सर्वांत प्रखर ऊन ज्या काळात असते त्याच काळात दुपारचे थेट ऊन ओट्यावर येत नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण ती साधी भूमिती आहे. हिवाळ्यात उलट घडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येते. सकाळी तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेस उगवतो. वास्तुशास्त्राच्या परंपरेने स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवण्याचा प्रघात ज्या घरांनी पाळला आहे, त्यांत थंडीच्या दिवसांत सकाळचे ऊन समोरच्या कपाटावर पडते ते यामुळे.

तात्पर्य, बहुतेक काळ बीडच्या स्वयंपाकघराला उजेड मिळतो तो सूर्याकडून थेट नव्हे, तर आकाशाकडून आणि बाहेरच्या जमिनीवरून किंवा शेजारच्या भिंतीवरून उलटून. बाहेर लख्ख उन्हात प्रकाशाचे माप सुमारे एक लाख लक्स भरते. परंतु इमारतींसाठी दिवसाच्या प्रकाशाचे गणित करताना भारतीय मानकाने सूर्य वगळून केवळ आकाशाचा प्रकाश ८,००० लक्स धरला आहे. त्याच मानकाच्या १९७५ च्या सुधारित पाठात स्वयंपाकघरासाठी या प्रकाशाचा अडीच टक्के भाग कामाच्या जागी पोहोचावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे २०० लक्स. बसण्याउठण्याच्या खोलीसाठी हेच प्रमाण ०.६२५ टक्के, अभ्यासिकेसाठी १.९ टक्के आहे. घरातील सर्व खोल्यांत स्वयंपाकघराला सर्वाधिक प्रकाश लागतो, वाचनाच्या खोलीपेक्षाही अधिक, हे मानकाने मान्य केलेले आहे. घर बांधताना मात्र सर्वांत मोठी खिडकी दिवाणखान्याला देण्याची रीत अद्याप सुटलेली नाही.

खिडकीतून आलेला प्रकाश ओट्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक थेट, दुसरी भिंती, छत, फरशी आणि कपाटे यांवरून उलटून. खिडकीपासून दूर असलेल्या कोपऱ्यात दुसरी वाट अधिक महत्त्वाची. चुन्याची पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग परत फेकते. मध्यम करडा रंग ३० ते ४० टक्के. गडद तपकिरी किंवा काळी फळी अवघा ५ ते १५ टक्के. प्रकाश खोलीत एकदाच उलटत नाही, पुनःपुन्हा उलटतो. म्हणून हा फरक प्रत्येक फेरीत वाढत जातो. खोलीतील साऱ्या पृष्ठभागांची सरासरी परावर्तनक्षमता ५० टक्के असली तर प्रथम आलेल्या प्रकाशाइतकाच आणखी प्रकाश उलटून उलटून खोलीत भर घालतो. ती सरासरी ३० टक्क्यांवर आली की ही भर प्रथम आलेल्या प्रकाशाच्या सुमारे ४३ टक्केच उरते. गणित अर्थातच सोपे करून मांडले आहे; प्रत्यक्ष खोलीत खिडकीची जागा, फळ्यांची उंची यांनी आकडे बदलतील. दिशा मात्र बदलणार नाही. खिडकी तीच, आकाश तेच, ऊन तेच. केवळ फळ्यांचा रंग बदलल्याने कोपऱ्यातील उलटून येणारा प्रकाश निम्म्याखाली जाऊ शकतो.

यात डोळ्याच्या सवयीची आणखी एक अडचण आहे. बाहेरचे अंगण लख्ख, खिडकी झगझगीत आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना काळी कपाटे अशी मांडणी असेल तर डोळा खिडकीच्या तेजाला जुळवून घेतो आणि कपाट असते त्याहून अधिक काळे दिसते. त्यातील डबा सापडत नाही. उन्हाच्या मुलखात हा विरोध इतर ठिकाणांपेक्षा तीव्र असतो. म्हणजे ‘ऊन पुष्कळ आहे म्हणून गडद चालेल’ हा युक्तिवाद उलटा आहे. बाहेर ऊन जितके प्रखर, तितका आतला गडदपणा डोळ्याला अधिक जाणवतो. वयाचा मुद्दाही येथे विसरता येत नाही. साठीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील माणसाच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. कपाटाचा रंग निवडताना घरातील तरुण मंडळींचा शब्द चालतो. दुपारी ओट्यापाशी उभी असते ती पुष्कळदा सासू.

या संदर्भात युरोपातील एका प्रयोगाचे स्मरण होते. आजच्या सलग कपाटांच्या स्वयंपाकघराचा आद्य नमुना म्हणून जो ओळखला जातो, तो मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्ट येथील कामगारवस्तीसाठी तयार केला. खोली सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. पुष्कळ घरांतील कपाटे निळसर होती, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत अशी तत्कालीन समजूत. समजुतीचे काहीही असो, या रचनेतील अधिक महत्त्वाची गोष्ट ही की चिरण्या-निवडण्याची फळी थेट खिडकीखाली ठेवली होती आणि तेथे बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल होते. आपल्याकडे या नमुन्याचे दूरचे वंशज आले. त्यांत फळ्यांची रांग आली, खिडकीखालची फळी पुष्कळदा आली नाही. ओटा भिंतीकडे आणि खिडकी पाठीशी, अशा स्वयंपाकघरात बाईची स्वतःचीच सावली तिच्या हातावर पडते.

याच्या उलट टोकाला ज्युनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाचा १९३३ सालचा सावलीच्या स्तुतीपर निबंध आहे. अंधुक खोलीत काळ्या लाखेच्या भांड्याला येणारी झळाळी त्याने मोठ्या रसिकतेने वर्णिली आहे. गडद कपाटांच्या बाजूने सौंदर्यदृष्टीचा जो काही युक्तिवाद करता येईल तो त्यात आला आहे आणि तो खोटाही नाही. गडद पृष्ठभाग शांत दिसतो, उन्हातून आलेल्या डोळ्याला क्षणभर विसावा देतो. परंतु ही जेवणाऱ्याची दृष्टी आहे. विळीवर भाजी चिरणाऱ्या हाताला त्या झळाळीचा उपयोग नाही.

दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे गडद कपाटाने स्वयंपाकघर तापते या समजुतीचा, विचार थोडक्यात उरकता येईल. गडद रंग ऊन शोषतो हे खरे. पण ते घराच्या बाहेरच्या अंगाला महत्त्वाचे. खिडकीतून एकदा आत आलेली उष्णता फिकट फळीवर पडो की गडद, तिचा बहुतांश भाग शेवटी खोलीतच राहतो. स्वयंपाकघर तापते ते शेगडीने आणि छताने. १९९३ च्या ३० सप्टेंबरला शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, त्यात दगडमातीची असंख्य घरे कोसळली आणि माळवदावरचा विश्वास मराठवाडाभर डळमळला. त्याच्या जागी काँक्रीटची गच्ची किंवा पत्रे आले. दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीची गच्ची दिवसभर तापून संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ती उष्णता खाली सोडते. उष्णतेची चिंता असलेल्या गृहस्थाने गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. कपाटाचा रंग बदलून त्याच्या पदरी काही पडणार नाही.

थेट ऊन ज्या फळीवर रोज पडते तिची गोष्ट मात्र वेगळी. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिल-मेमधील दुपारचे तिरपे ऊन समोरच्या फळीला चांगलेच तापवते. खिडकीची काच जंबुपार किरणांचा काही भाग अडवते, सगळा नाही. गडद रंग उडाला तर तो लगेच नजरेत भरतो. ज्या फळीवर ऊन पडते ती आणि शेजारची सावलीतली फळी यांत दोन वर्षांत फरक दिसू लागतो. पातळ पीव्हीसीचा पापुद्रा चिकटवलेल्या दारांचा गोंद उष्णतेने सुटतो, कडा उचलल्या जातात. आणि गडद फळी अधिक तापत असल्याने हा दोष तिच्यात अधिक. सनमायका या बाबतीत टिकाऊ. (हे मूळ एका व्यापारी नावाचे सामान्यनाम झालेले आहे. ‘मायका’ म्हणजे अभ्रक. सनमायक्यात अभ्रक नसते, राळेत भिजवलेले कागद दाबून तो केलेला असतो. अमेरिकेतील ‘फॉर्मायका’ हे नाव मात्र विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायचा पदार्थ म्हणूनच पडले होते.)

धूळ, पाणी आणि पीठ यांचा हिशेब या जिल्ह्यात स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. गडद रंगावर मळ दिसत नाही ही समजूत सरसकट खरी नाही. हळद, तेल, फोडणीचे शिंतोडे गडद फळीवर लपतात आणि पांढरीवर पिवळा डाग कायमचा राहतो, इतपत ती खरी आहे. परंतु बीडमध्ये पुष्कळ घरांना कूपनलिकेचे पाणी वापरावे लागते; ते काळ्या खडकातून आलेले, बहुधा जड. त्याचा थेंब वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका उरतो. आणि भाकरी ज्वारीची. परातीत पीठ पसरून भाकरी थापली जाते तेव्हा उडालेली पांढरी भुकटी ओट्याखालच्या काळ्या चकचकीत दारांवर बसते. ती ओल्या हाताने पुसली की चिकट पट्टा उमटतो. गव्हाच्या पोळीच्या प्रदेशासाठी ठरवलेला रंग ज्वारीच्या भाकरीच्या प्रदेशात त्रास देतो तो असा. चकचकीत गडद पृष्ठभाग हा या दृष्टीने सर्वांत वाईट पर्याय; मंद पोताचा, लाकडाच्या रेषा असलेला मध्यम तपकिरी रंग हळदीलाही आणि पिठालाही निभावून नेतो.

वस्तुतः गडद रंग बीडच्या स्वयंपाकघरात नवा नाही. ओट्यावरचा काळा कडप्पा आणि पायाखालची करडी शहाबादी फरशी यांची सवय लोकांना पूर्वीपासून आहे. दोन्ही नावे मुळात गावांची. आज ती दगडाच्या जातींची झाली आहेत आणि ‘कडप्पा बसवला’ म्हणताना आंध्रातील गाव कोणाच्या मनात येत नाही. कडप्प्याच्याच उभ्या-आडव्या फरश्यांनी ओट्याखाली कप्पे करून त्यांना नुसती दारे लावण्याची पद्धत वाळवीच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. तथापि ओटा काळा, कप्पे काळे आणि वर दारेही काळी झाली की सारा भार एकाच रंगावर पडतो. दगड काळा असेल तर फळी फिकट ठेवणे, हा साधा तोल पूर्वी खर्चाच्या मर्यादेने आपोआप साधला जाई. कपाटांबरोबर आलेला ‘ट्रॉली’ हा शब्दही मजेदार आहे. बीडमध्ये ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागे ऊस वाहणारी गाडी. तोच शब्द ओट्याखाली सरकणाऱ्या जाळीच्या खणाला लागला आहे आणि संदर्भ पुरेसा असल्याने कोणाचा घोटाळा होत नाही.

उसाचा उल्लेख आला म्हणून एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास काही लाख माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपेपर्यंत साखर कारखान्यांच्या परिसरात कोपी घालून राहतात. तेथे स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर, उघड्यावर, पहाटेच्या काळोखात होतो. त्यांतील अनेकांनी गावी पक्के घर बांधले आहे, काहींनी त्यात कपाटेही केली आहेत. पण ते स्वयंपाकघर वर्षातील निम्मा काळ कुलूपबंद असते. बंद घरात ऊन, हवा आणि हात यांपैकी काहीच फिरत नाही. तेथे रंगाच्या आधी वाळवी आणि ओल यांचा विचार करावा लागतो आणि पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे दार, कोणत्याही रंगाचे, प्लायवूडपेक्षा बरे.

ज्यांना गडद रंगच हवा आहे त्यांना तो नाकारण्याचे कारण नाही. तो ओट्याच्या खाली ठेवावा. डोळ्यांच्या पातळीवरची व तिच्यावरची कपाटे, ओटा आणि वरचे कपाट यांमधील भिंत आणि विशेषतः खिडकीच्या दोन्ही बाजू फिकट असाव्यात. कारण ओट्यावर उलटून येणारा प्रकाश मुख्यतः या वरच्या पृष्ठभागांवरून येतो, खालच्या फळ्यांवरून फार थोडा. कपाटाचे अंतरंग बाहेरून रंग कोणताही असो, पांढरेच असावे. झुरळ आणि डाळीतला किडा दोन्ही पांढऱ्यावर दिसतात. वरच्या कपाटाच्या तळाशी दिव्याची पट्टी लावली म्हणजे सर्व सुटले असे सुतार सांगतो, ते वीज असेपर्यंत ठीक.

आणि नमुना पाहावा तो दुकानातील दिव्यांखाली नव्हे. हातभर तुकडा घरी आणून ओट्याच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात, दार जसे असेल तसा उभा धरून पाहावा. आडवा ठेवलेला तुकडा छताचा प्रकाश घेतो आणि असतो त्याहून उजळ भासतो. वेळ निवडावी ती जुलैमधील ढगाळ दुपारची, दिवा बंद करून. त्या वेळी त्याच्याजवळ ताटात तूरडाळ पसरावी आणि घरातील वयाने सर्वांत मोठ्या बाईला तीतील खडे वेचायला सांगावे.